अन्ना मणी

अन्ना मणी (पूर्ण नाव: अन्ना मोडयिल मणी, जन्म: २३ ऑगस्ट १९१८, पीरमेड, त्रावणकोर संस्थान, मृत्यू: १६ ऑगस्ट २००१, तिरुवनंतपुरम) ह्या भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व हवामानशास्त्रज्ञ होत्या. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे येथील उपकरण शाखेत त्यांनी सुमारे दोन दशके काम केले. हवामानाची उपकरणे देशातच तयार व्हावीत आणि ती बिनचूक असावीत, ह्या दोन गोष्टींना त्यांनी आपल्या कारकिर्दीचा मोठा भाग दिला. सौर प्रारण, ओझोन व वारा ह्यांच्या मापनात त्यांचे काम पायाभूत मानले जाते. निवृत्तीनंतर त्यांनी देशभरातील वाऱ्याच्या वेगाचे सर्वेक्षण केले. भारतातील पवनऊर्जेच्या नियोजनाला ह्या सर्वेक्षणाचा आधार मिळाला.

त्यांचे नाव मराठी मजकुरात ‘अण्णा मणी’, ‘अ‍ॅना मणी’ असेही लिहिलेले आढळते. मराठीत ‘अण्णा’ हे वडीलधाऱ्या पुरुषाचे संबोधन असल्याने पहिल्या रूपामुळे घोटाळा होण्याचा संभव असतो.

बालपण व शिक्षण

पीरमेड हे गाव आजच्या केरळमधील इडुक्की जिल्ह्यात, पश्चिम घाटाच्या डोंगराळ भागात आहे. अन्ना मणी ह्यांचे कुटुंब सीरियन ख्रिस्ती समाजातील व सुस्थितीतील होते. वडील स्थापत्य अभियंता होते व त्यांचे वेलदोड्याचे मळे होते. आठ भावंडांत अन्ना ह्या सातव्या. अशा घरांत मुलांना उच्च शिक्षण व मुलींना योग्य वेळी विवाह, अशी विभागणी त्या काळी गृहीत धरलेली असे. आठव्या वाढदिवसाला घरच्या रीतीप्रमाणे हिऱ्यांच्या कुड्या भेट मिळाल्या असता त्यांनी त्या नाकारल्या व त्याऐवजी ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ मागितला, हा प्रसंग त्यांच्या बहुतेक चरित्रलेखांत येतो. पुढे त्यांच्या पहिल्या संशोधनाचा विषय हिरे हाच ठरला, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

वायकोम येथील मंदिरालगतचे रस्ते सर्व जातींना खुले व्हावेत ह्यासाठी १९२४-२५ मध्ये झालेल्या सत्याग्रहाचा व त्या निमित्ताने महात्मा गांधींनी केलेल्या त्रावणकोर दौऱ्याचा त्यांच्या बालमनावर खोल परिणाम झाला. त्या खादी वापरू लागल्या आणि हा नेम त्यांनी पुढेही चालू ठेवला. आपल्या देशाला लागणारी वस्तू आपणच बनवावी, हा स्वदेशीचा विचार त्यांच्या पुण्यातील कामात पुन्हा पुन्हा दिसतो. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून १९३९ साली त्या भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र हे विषय घेऊन बी.एस्सी. (ऑनर्स) झाल्या.

बंगळूरू: रामन ह्यांची प्रयोगशाळा

१९४० मध्ये शिष्यवृत्ती मिळवून त्या बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू लागल्या. ह्या संस्थेचे दार स्त्रियांसाठी नुकतेच किलकिले झाले होते. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला भागवत (पुढे कमला सोहोनी) ह्यांना १९३३ मध्ये केवळ स्त्री म्हणून तेथे प्रवेश नाकारण्यात आला होता. त्यांनी आग्रह धरल्यावर वर्षभराच्या परीक्षाकाळाच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. अन्ना मणी ह्यांच्या वेळी प्रवेशाचा प्रश्न तितका तीव्र नव्हता. तथापि प्रयोगशाळेत स्त्रीविद्यार्थिनी व पुरुष विद्यार्थी ह्यांनी एकमेकांपासून अंतर राखावे, असा दंडक होता. त्यामुळे सहकाऱ्यांशी होणाऱ्या मोकळ्या शास्त्रीय चर्चेला विद्यार्थिनी मुकत असत. विज्ञानाच्या इतिहासाच्या अभ्यासक आभा सूर ह्यांनी ह्या परिस्थितीची तपशीलवार चिकित्सा केली आहे.

मणी ह्यांचा विषय हिरे व माणके ह्यांच्या प्रकाशदीप्तीचा होता. रामन ह्यांच्या संग्रहातील तीसहून अधिक हिऱ्यांचे वर्णपट त्यांनी तपासले. हिरा द्रवरूप हवेच्या तापमानापर्यंत थंड करावयाचा, त्यावर प्रकाश टाकावयाचा आणि त्यातून निघणारी मंद दीप्ती छायाचित्रणाच्या काचेवर टिपावयाची, अशी ही पद्धत होती. एका वर्णपटासाठी काच १५ ते २० तास उघडी ठेवावी लागे. रात्री कित्येकदा त्या प्रयोगशाळेतच झोपत. १९४२ ते १९४५ ह्या काळात त्यांनी एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले.

ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी आपला प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नाही. एम.एस्सी. पदवी नसल्याचे कारण देण्यात आले. त्या ऑनर्स पदवीधर होत्या, शिष्यवृत्तीवर संशोधन करीत होत्या व त्यांचे निबंध प्रसिद्ध झालेले होते, ह्या गोष्टी विचारात घेतल्या गेल्या नाहीत. बांधणी केलेला तो प्रबंध बंगळूरूच्या रामन संशोधन संस्थेत इतरांच्या पदवीप्राप्त प्रबंधांसोबत जतन केलेला आहे. केवळ पाहून त्यांत फरक करता येत नाही. पदवी न मिळाल्याने आपल्या आयुष्यात काही अडले नाही, असे मणी पुढे सांगत. त्यांच्यापुरते ते खरेही असेल. विद्यापीठाच्या निर्णयाचे मात्र त्याने समर्थन होत नाही.

उपकरणांकडे वळण

१९४५ मध्येच भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळून त्या इंग्लंडला गेल्या. महायुद्ध नुकतेच संपत होते आणि हा प्रवास त्यांनी सैन्याची ने-आण करणाऱ्या जहाजातून केला. भौतिकशास्त्राचे पुढील अध्ययन करण्याचा त्यांचा विचार होता. परंतु शिष्यवृत्ती उपलब्ध होती ती हवामानाच्या उपकरणांसाठी. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात त्यांनी ह्याच विषयाचे प्रशिक्षण घेतले. ज्या शाखेत त्यांनी पुढे आयुष्य घालविले, ती त्यांनी स्वतःहून निवडलेली नव्हती.

१९४८ मध्ये स्वतंत्र भारतात परतून त्या हवामानशास्त्र विभागात रुजू झाल्या. त्यांची नेमणूक पुण्यातील उपकरण शाखेत झाली.

पुणे: उपकरण शाखा

भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली. विभागाचे मुख्यालय सिमल्याहून १९२८ मध्ये पुण्यास आले आणि शिवाजीनगर भागातील त्या भव्य दगडी इमारतीला पुणेकरांनी ‘सिमला ऑफिस’ हे नाव दिले. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीस गेले, तरी उपकरणे, कृषी हवामानशास्त्र व हवामानाच्या जुन्या नोंदी ह्यांचे काम पुण्यातच राहिले. चौकाचे व बसथांब्याचे सिमला ऑफिस हे नावही अद्याप टिकून आहे. तेथून जाणाऱ्या अनेकांना त्याचा सिमल्याशी काय संबंध, हा प्रश्न पडतो.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी साधे तापमापक व वायुभारमापकसुद्धा परदेशातून आणावे लागत. युद्धकाळात आयात थांबली आणि त्याच वेळी विमानदलासाठी हवामानाच्या नोंदींची गरज वाढली. ह्या ओढाताणीत पुण्याची कार्यशाळा वाढली. शाखेचे प्रमुख एस. पी. वेंकटेश्वरन हे कल्पक उपकरणतज्ज्ञ होते. फुग्याबरोबर वर जाऊन तापमान, दाब व आर्द्रता रेडिओसंदेशाने कळविणारे रेडिओसाँड त्यांनी पुण्यात विकसित केले. फुगा वर चढताना लागणाऱ्या वाऱ्याने फिरणारा छोटा पंखा हा त्याचा चालक होता. त्यामुळे परदेशी उपकरणातील महागडी यंत्रणा टाळता आली.

ह्या शाखेत आलेल्या मणी १९५३ मध्ये तिच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करीत होते. तो काळ लक्षात घेता, कारागीर, यंत्रकार व तंत्रज्ञ ह्यांच्या अशा ताफ्याचे नेतृत्व एका स्त्रीकडे असणे ही असाधारण गोष्ट होती. हाताखालच्या माणसांना त्या स्वतः शिकवीत आणि कामात हयगय खपवून घेत नसत.

सुमारे १०० हवामान-उपकरणांचे प्रमाणित आराखडे त्यांनी तयार करवून घेतले व त्यांचे उत्पादन सुरू केले. ही बाब वरवर रूक्ष वाटते. मात्र तिचे महत्त्व ध्यानात घेण्याजोगे आहे. कुशल कारागीर एखादे उत्तम उपकरण हाताने बनवू शकतो. पण त्याचा एखादा भाग मोडला तर तसाच दुसरा भाग मिळत नाही, आणि दोन कारागिरांची दोन उपकरणे एकसारखी वाचन देतील ह्याची शाश्वती नसते. आराखड्यात प्रत्येक भागाचे माप, धातू व चालणारी तफावत ठरवून दिली, की कोणत्याही कार्यशाळेत बनलेला भाग कोणत्याही वेधशाळेतील उपकरणात बसतो. नागपूरचे तापमान व त्रिवेंद्रमचे तापमान ह्यांची तुलना करावयाची, तर दोन्ही ठिकाणचे तापमापक एकाच मापाचे असले पाहिजेत. त्यासाठी प्रत्येक उपकरण बाहेर पाठविण्यापूर्वी ते प्रमाण उपकरणाशी ताडून पाहणे, म्हणजेच अंशांकन करणे, हे मणी ह्यांनी अपरिहार्य मानले. चुकीची नोंद असण्यापेक्षा नोंद नसलेली बरी, अशी त्यांची धारणा होती. नोंद नसेल तर आपल्याला माहिती नाही एवढे तरी कळते. चुकीची नोंद मात्र खरी समजून पुढे वापरली जाते आणि कित्येक वर्षांनी तिचा दोष शोधणे जवळजवळ अशक्य होते.

सौर प्रारणाचे मापन

१ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ हा काळ जगभर आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष म्हणून पाळला गेला. ह्या निमित्ताने भारतात सूर्यापासून मिळणाऱ्या प्रारणाची नियमित नोंद घेणारी केंद्रे उभारण्याचे काम मणी ह्यांनी हाती घेतले. आरंभी उपकरणे परदेशी होती. लवकरच प्रारणमापकांची रचना व निर्मिती पुण्यात होऊ लागली.

प्रारणमापकाचे तत्त्व सोपे आहे. काचेच्या घुमटाखाली काळा पृष्ठभाग ठेवलेला असतो. तो उन्हाने तापतो. तापलेला भाग व थंड भाग ह्यांच्या तापमानांतील फरकामुळे धातूंच्या जोडांमध्ये अत्यंत सूक्ष्म विद्युत्‌दाब निर्माण होतो व तो मोजला जातो. अडचण व्यवहारात येते. काळा रंग उन्हाने विटतो, घुमटावर धूळ बसते, पावसाळ्यात आत दमटपणा साचतो. थंड हवेच्या देशांत बनलेली उपकरणे भारतीय उन्हाळ्यात व पावसाळ्यात तितकीच विश्वासार्ह राहतील असे गृहीत धरता येत नसे. म्हणून केंद्रांवरील उपकरणे वेळोवेळी पुण्याच्या प्रमाण उपकरणाशी ताडली जात. पुढे जागतिक हवामान संघटनेने आशिया खंडासाठी प्रादेशिक प्रारण केंद्र म्हणून पुण्याला मान्यता दिली.

ओझोन

१९६० च्या सुमारास मणी ह्यांनी वातावरणातील ओझोनच्या मापनाकडे लक्ष वळविले. अंटार्क्टिकावरील ओझोनचा ऱ्हास १९८५ मध्ये जगासमोर आला व त्यानंतर हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला. पुण्यातील काम त्याच्या कितीतरी आधीचे आहे. जमिनीवरील उपकरणाने माथ्यावरच्या एकूण ओझोनचे प्रमाण कळते; तो कोणत्या उंचीवर किती आहे, हे पाहण्यासाठी उपकरण फुग्याने वर पाठवावे लागते. पुण्यात विकसित झालेल्या ओझोनसाँडमध्ये एक छोटा पंप बाहेरची हवा पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून सोडतो. ओझोनमुळे द्रावणात आयोडीन मुक्त होते व त्या प्रमाणात विद्युत्‌प्रवाह वाहतो. त्याची नोंद रेडिओने खाली येते. स्वतःचे ओझोनसाँड असणारे देश त्या वेळी मोजकेच होते व त्यांत भारताचा समावेश झाला. हे भारतीय उपकरण पुढे अंटार्क्टिकावरील भारतीय मोहिमांतही वापरले गेले. मणी ह्यांना आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे सदस्यत्व देण्यात आले.

थुंबा

१९६३ मध्ये विक्रम साराभाई ह्यांच्या विनंतीवरून मणी ह्यांनी केरळमधील थुंबा येथील अग्निबाण प्रक्षेपण केंद्रात हवामान वेधशाळा व उपकरणांचा मनोरा उभारला. तेथून पहिला अग्निबाण २१ नोव्हेंबर १९६३ रोजी सोडण्यात आला. अशा छोट्या अग्निबाणांना उड्डाणात दिशा देणारी यंत्रणा नसे. जमिनीलगतच्या वाऱ्याने त्यांचा मार्ग वाकतो. तेव्हा निरनिराळ्या उंचींवरचा वारा आधी मोजून त्यानुसार प्रक्षेपकाचा कोन ठरवावा लागतो. वाऱ्याचे मापन एखाद्या प्रत्यक्ष कामाला जुंपण्याचा मणी ह्यांच्या कारकिर्दीतील हा एक ठळक प्रसंग होय.

१९६९ मध्ये त्यांची बदली दिल्लीस झाली. विभागाच्या उपमहासंचालक म्हणून १९७६ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यापूर्वी जागतिक हवामान संघटनेच्या सल्लागार म्हणून त्यांनी इजिप्तमध्येही काम केले होते.

ग्रंथ

निवृत्तीनंतर त्या बंगळूरूला गेल्या व रामन संशोधन संस्थेत तीन वर्षे अभ्यागत प्राध्यापक होत्या. पुण्यात सुरू केलेल्या प्रारण-नोंदींचे फलित ह्या काळात ग्रंथरूपाने बाहेर आले. ‘हँडबुक ऑफ सोलर रेडिएशन डेटा फॉर इंडिया’ (१९८०) व त्यानंतर एस. रंगराजन ह्यांच्यासह लिहिलेला ‘सोलर रेडिएशन ओव्हर इंडिया’ हे ते ग्रंथ होत. दोन्हींत मुख्यतः आकड्यांची कोष्टके असल्याने वाचनीयतेच्या दृष्टीने त्यांची कोणी शिफारस करणार नाही. सौर उपकरणे आखणाऱ्या अभियंत्यांसाठी मात्र ते दीर्घकाळ मूळ संदर्भग्रंथ राहिले. बंगळूरूमध्ये त्यांनी वाऱ्याचा वेग व सौर ऊर्जा मोजणाऱ्या उपकरणांचा छोटा कारखानाही काढला.

पवनऊर्जेचे सर्वेक्षण

मणी ह्यांच्या उत्तरायुष्यातील सर्वांत मोठे काम वाऱ्याचे आहे. १९७० च्या दशकातील तेलटंचाईनंतर अपारंपरिक ऊर्जेचा विचार जगभर सुरू झाला. भारतात पवनचक्क्या कोठे उभाराव्यात, हा प्रश्न आला, तेव्हा वेधशाळांच्या जुन्या नोंदी हाताशी होत्या. ह्या नोंदी संकलित करून मणी व डी. ए. मूले ह्यांनी ‘विंड एनर्जी डेटा फॉर इंडिया’ (१९८३) हा ग्रंथ सिद्ध केला. तथापि ह्या नोंदी पवनऊर्जेच्या कामासाठी अपुऱ्या होत्या. वेधशाळा हवामानाच्या अंदाजासाठी असल्याने त्या शहरांत किंवा विमानतळांजवळ होत्या, वाऱ्याच्या खिंडींत व पठारांच्या कडांवर नव्हत्या. अनेक वेधशाळांच्या भोवती कालांतराने इमारती व झाडे वाढली होती. अशा ठिकाणी वायुवेगमापक दरवर्षी थोडा थोडा कमी वेग दाखवितो. वारा मात्र कमी झालेला नसतो.

वाऱ्याच्या बाबतीत लहान चूकही महागात पडते. वाऱ्यातील ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट झाला, तर शक्ती आठपट होते. सेकंदाला ५ मीटर वेग असलेला वारा उपकरणाने ५.५ मीटर दाखविला, म्हणजे चूक १० टक्क्यांची झाली. पण त्यावरून काढलेली शक्ती ३३ टक्क्यांनी फुगते. एवढ्या फरकाने पवनचक्कीचा प्रकल्प नफ्यातून तोट्यात जाऊ शकतो.

केवळ सरासरी वेगही पुरेसा नसतो. एका ठिकाणी सतत ६ मीटर वेगाने वारा वाहतो. दुसऱ्या ठिकाणी अर्धा वेळ ४ व अर्धा वेळ ८ मीटर वेगाने वाहतो. दोन्हीकडे सरासरी ६ मीटरच येते. परंतु घन केल्यास पहिल्या ठिकाणी २१६ व दुसऱ्या ठिकाणी सरासरी २८८ हा आकडा मिळतो, म्हणजे दुसऱ्या ठिकाणची ऊर्जा एक-तृतीयांशाने जास्त भरते. भारतात तर पावसाळ्यातील नैर्ऋत्य मोसमी वारे वर्षातील बहुतांश पवनऊर्जा काही महिन्यांतच देऊन जातात. त्यामुळे तासातासाची नोंद वर्षभर घेतल्यावाचून ठिकाणाची योग्यता ठरत नाही. उंचीचाही प्रश्न असतो. हवामानाच्या प्रमाण नोंदी जमिनीपासून १० मीटरवर घेतल्या जातात. पवनचक्कीचे पाते त्याहून वर फिरते व उंचीबरोबर वेग वाढतो. शिवाय उंच पठारावर हवा विरळ असते. समुद्रसपाटीपासून १,००० मीटर उंचीवर हवेची घनता सुमारे ९ टक्क्यांनी कमी भरते व तितकी शक्तीही घटते.

ह्या सर्व बाबी जमेस धरून मणी ह्यांनी १९८० च्या दशकात प्रत्यक्ष जागेवर खांब उभारून वारा मोजण्याचे राष्ट्रीय सर्वेक्षण चालविले. हे काम पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या बंगळूरू येथील क्षेत्रीय संशोधन विभागातून होत असे. देशभरातील ७०० हून अधिक ठिकाणांच्या वाऱ्याची माहिती त्यांनी संकलित करविली. ‘विंड एनर्जी रिसोर्स सर्व्हे इन इंडिया’ ह्या नावाने तिचे खंड १९९० पासून प्रसिद्ध होऊ लागले. त्या वेळी मणी सत्तरीच्या पुढे होत्या. पुढे हे काम चेन्नई येथील राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेकडे (मूळ नाव: पवनऊर्जा तंत्रज्ञान केंद्र) आले.

महाराष्ट्रातील संदर्भ

भारतातील पहिली पवनऊर्जा क्षेत्रे १९८६ मध्ये किनारपट्टीवर सुरू झाली. त्यांत गुजरातमधील ओखा व तमिळनाडूतील तुतीकोरिन ह्यांच्या जोडीला कोकणातील देवगड होते. तेथील पवनचक्क्या प्रत्येकी ५५ किलोवॉटच्या होत्या; आजच्या मानाने त्या खेळण्यातल्या वाटाव्यात. सह्याद्रीच्या माथ्यावरील वाऱ्याची मोजदाद झाल्यावर किनारा सोडून लक्ष पठारांकडे वळले. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे व चाळकेवाडी, सांगली जिल्ह्यातील ढालगाव आणि धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल हा परिसर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्यांनी भरून गेला. मराठवाड्यात बालाघाटच्या पठारावर, बीड व धाराशिव जिल्ह्यांतही त्या उभ्या आहेत.

पवनचक्क्यांखेरीज आणखी एका क्षेत्रात महाराष्ट्राचा संबंध मणी ह्यांच्या मापनविषयक आग्रहाशी येतो. ते क्षेत्र म्हणजे पर्जन्यमापन होय. सकाळी साडेआठ वाजता घेतली जाणारी पावसाची नोंद मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात शेतकऱ्याच्या पदरात काय पडणार हे ठरविते. २४ तासांत महसूल मंडळात ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तर ती अतिवृष्टी गणली जाते व नुकसानभरपाईचा विचार होतो. पर्जन्यमापकाने ६६ ऐवजी ६४ दाखविले, तर फरक दोन मिलिमीटरचाच. परंतु तो संपूर्ण मंडळाला भरपाईच्या कक्षेबाहेर ठेवू शकतो. पीकविम्यालाही हीच गोष्ट लागू पडते. हवामानशास्त्र विभागाच्या नियमानुसार साध्या पर्जन्यमापकाची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंचीवर व समपातळीत असावी आणि जवळची झाडे किंवा भिंती त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर असाव्यात. जोराच्या वाऱ्यात थेंब मापकाच्या तोंडावरून उडून जातात व नोंद कमी येते. म्हणून पावसाच्या मोजमापातही वाऱ्याचे ज्ञान लागते.

२०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पाखाली राज्यात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. पूर्वी तहसील कचेरीतील एकाच पर्जन्यमापकावर सगळ्या तालुक्याची भिस्त असे. लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळसारख्या लहान तालुक्यातही एका शिवारात पाऊस कोसळतो व शेजारचे शिवार कोरडे राहते, हा अनुभव असल्याने मंडळनिहाय नोंद हा निश्चितच पुढचा टप्पा आहे. मात्र स्वयंचलित उपकरणाचीही नित्य देखभाल व अंशांकन लागतेच. पालापाचोळ्याने तुंबलेले नरसाळे किंवा छपराच्या आडोशाला लागलेला वायुवेगमापक चुकीचेच आकडे पाठवितो. फक्त ते पूर्वीपेक्षा लवकर पोहोचतात.

व्यक्तिगत जीवन

अन्ना मणी अविवाहित होत्या. निसर्गात भटकंती, पक्षिनिरीक्षण, संगीत व वाचन ह्यांची त्यांना आवड होती. स्त्री वैज्ञानिक म्हणून आपले वेगळे कौतुक व्हावे, हे त्यांना रुचत नसे. भेदभावाचे अनुभव मात्र त्यांच्या बोलण्यात येत. प्रयोगशाळेत स्त्रीच्या हातून झालेली क्षुल्लक चूक तिच्या अकार्यक्षमतेचा पुरावा मानली जाई, आणि तिने शास्त्रीय चर्चेत भाग घेतला तर तो आगाऊपणा ठरविला जाई, असे त्या सांगत. १९९४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला व त्यानंतर त्यांची हालचाल थांबली. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.

सन्मान

भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९८७ मध्ये त्यांना के. आर. रामनाथन पदक दिले. अमेरिकन हवामानशास्त्र संस्था व आंतरराष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था ह्यांच्याशीही त्या संबंधित होत्या. त्यांच्या कामाचा आवाका पाहता हयातीत मिळालेले सन्मान तोकडेच वाटतात. २०१८ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, जागतिक हवामान संघटनेने त्यांचे स्मरण केले. २३ ऑगस्ट २०२२ रोजी, १०४ व्या जयंतीला, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकविले. ‘वेदर वुमन ऑफ इंडिया’ ह्या बिरुदासह त्यांचे नाव सामान्य वाचकांपर्यंत पोहोचले, ते मुख्यतः ह्या चित्रामुळे.